व्हॅनचं बटण आणि सासूबाईंच्या कुरडया

आमच्या दारात एक जुनी व्हॅन उभी असते. मारुतीची ती चौकोनी, डब्यासारखी गाडी १९८४ साली रस्त्यावर आली आणि २०१९ साली बनायची बंद झाली, तीच. आमची २००७ सालची. आम्ही ती २०१८ मध्ये वापरलेली घेतली, तेव्हाच तिचे तीन मालक होऊन गेले होते. मी कऱ्हाडात जेवणाचे डबे देते. रोज बेचाळीस डबे, त्यातले निम्मे कॉलेजच्या मुलांचे. साडेअकराच्या ठोक्याला गाडी निघाली नाही तर बाराला फोन सुरू होतात, "काकू, डबा?" पहिलं वर्षभर गाडी हे चालवत. मग यांच्या दुकानाची वेळ नि माझ्या डब्यांची वेळ जुळेना, म्हणून मीच शिकले. सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "शीक, पण अंगणात नको शिकूस." त्यांचं हे वाक्य मला पुढे फार आठवलं.

२०२२ च्या पावसाळ्यात गाडीला एक खोड लागली. किल्ली फिरवली की नुसतं 'टक्' वाजायचं आणि पुढे काही नाही. पुन्हा फिरवा, पुन्हा टक्. पाचव्या-सहाव्या वेळी कधी सुरू व्हायची, कधी नाहीच. मग हे, शेजारचे दादा आणि रस्त्यानं जाणारं कोणीतरी असे तिघं धक्का मारत, आणि मी आत बसून गियर टाकायची. डब्यांतली आमटी हिंदकळून झाकणापर्यंत यायची ती वेगळीच. बॅटरी नवी घातली, तरी टक् ते टक्च.

शेवटी एका गॅरेजात नेली. तिथल्या मुलानं अर्ध्या तासात इलाज केला. बॅटरीपासून एक तार आणली, स्टार्टरकडे एक नेली आणि मध्ये चक्क दारावरच्या घंटीचं पांढरं बटण बसवलं, स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला. "किल्ली फिरवून ठेवायची आणि बटण दाबायचं, की झालं." मजुरी दीडशे रुपये! बटण दाबल्याबरोबर गाडी अशी सुरू झाली की मला त्या मुलाला डबा फुकट द्यावासा वाटला. खोटं कशाला सांगू, पुढचे आठ महिने मी ज्याला त्याला ते बटण कौतुकानं दाखवत होते.

मे २०२३ ची गोष्ट. सुट्टीला जाऊबाई मुलांना घेऊन आल्या होत्या. अंगणात सासूबाईंचं वाळवण चाललेलं. बाजेवर जुनं धोतर अंथरून त्यावर कुरडया घातलेल्या आणि त्या स्वतः बाजेच्या कडेला बसून कावळे हाकत होत्या. व्हॅन तिथून चार-पाच हातांवर, तोंड बाजेकडे. आमच्या अंगणाला थोडा उतार आहे आणि हातब्रेकचा भरवसा नाही, म्हणून गाडी आम्ही नेहमी पहिल्या गियरमध्येच उभी करतो. किल्ली माझ्या कमरेला. आता गाडीला काय होणार, असंच कोणीही म्हणेल.

जाऊबाईंचा धाकटा, सहा वर्षांचा, ड्रायव्हर-ड्रायव्हर खेळायला आत चढला. सासूबाई पाणी प्यायला म्हणून उठल्या. ओट्याच्या पायरीवर त्यांचं पाऊल पडलं असेल नसेल, तोच गाडीनं घरघर करून उडी घेतली. एक, मग दुसरी, आणि बाजेला धडकून, बाज उलटी करून थांबली, कारण पोरानं घाबरून बटण सोडलं. कुरडया अंगणभर. सासूबाई पायरीवर तशाच उभ्या. त्यांच्या बसायच्या जागेवर गाडीचं नाक होतं.

कोणी ओरडलं नाही की रडलं नाही. सासूबाईंनी खाली वाकून एक कुरडई उचलली, पुसली आणि परत खाली टाकली. मी गाडीकडे जायचं सोडून कमरेची किल्ली चाचपत राहिले. किल्ली तिथेच होती.

संध्याकाळी व्हायचं तेच भांडण झालं. हे म्हणाले, गियरमध्ये गाडी ठेवलीस म्हणून झालं. जाऊबाईंनी पोराला धोपटलं. मला मात्र एकच कोडं पडलं होतं. किल्ली माझ्यापाशी असताना गाडी हललीच कशी? उत्तर मला नंतर कळलं, पण इथेच सांगते. ते बटण किल्लीला विचारतच नव्हतं. त्याची तार थेट बॅटरीवर होती, त्यामुळे किल्ली लागलेली असो की नसो, बटण दाबलं की स्टार्टरची मोटार फिरणार. आणि गाडी गियरमध्ये असली की स्टार्टरची मोटार एकटीच अख्खी गाडी ढकलू शकते. इंजिन सुरू व्हायचीसुद्धा गरज नाही. 'किल्ली फिरवून बटण दाबा' असं मुलानं सांगितलं होतं, म्हणून किल्लीशिवाय ते चालणार नाही हे मी आपलं गृहीत धरलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून डबे रिक्षानं पाठवायला लागले. रोजचे तीनशे रुपये जायचे, म्हणजे त्या दिवसांत नफा असा उरलाच नाही. हे म्हणत होते, गाडी विकून टाकू. मी म्हटलं, विकली तर ते बटण दुसऱ्याच्या अंगणात जाईल. शेवटी यांच्या दुकानाशेजारच्यांनी एका म्हाताऱ्या वायरमनचं नाव सुचवलं. चाळीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करणारे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचा घरी आले, चहा घेतला, आणि गाडीकडे न बघता आधी म्हणाले, "वहिनी, किल्ली दाखवा."

मी कमरेचा जुडगा काढून दिला. त्यात गाडीची किल्ली, गोदरेजच्या कपाटाच्या दोन, कोठीच्या खोलीची, मागच्या दाराची, गॅसच्या शेडची, शिवाय लेकानं आणलेली पितळी गणपतीची साखळी. चाचांनी जुडगा तळहातावर तोलला. "हे पाव किलो वजन रोज कुलपात लोंबकळतंय. आतल्या पट्ट्या झिजणार नाहीत तर काय होईल?" मला हे थोडं लागलं. घरातली बाई किल्ल्या एकत्र ठेवते त्यात काय चुकलं? पण रात्री लेकानं मोबाइलवर वाचून दाखवलं. २०१४ साली अमेरिकेत जनरल मोटर्सनं लाखो मोटारी परत बोलावल्या होत्या, त्याचं कारण हेच किल्लीचं स्विच. स्विच ढिलं, त्यात जड जुडग्याचा हिसका, की चालत्या गाडीत किल्ली आपोआप मागे फिरे, इंजिन बंद पडे आणि धडक झाली तर आतल्या हवेच्या पिशव्याही फुगत नसत. पुढे कंपनीच्या नुकसानभरपाईच्या योजनेत १२४ मृत्यू मान्य झाले. त्या रात्रीपासून गाडीची किल्ली एकटी असते, सुतळीच्या गोंड्याला.

चाचांनी मग आपला मीटर काढला. एक टोक बॅटरीच्या धन टोकाला, दुसरं जिथे किल्लीकडून येणारी तार स्टार्टरला मिळते तिथे, आणि मला म्हणाले, "फिरवा." टक् वाजलं. मीटरवर तीन व्होल्टच्या वर आकडा. बारा व्होल्टांतले तीन वाटेतच हरवत होते. चांगल्या गाडीत अर्ध्या व्होल्टाच्या आत हरवायला हवेत, असं ते म्हणाले. बॅटरी बिचारी निर्दोष होती. आम्ही उगाच नवी घातली.

हरवतात कुठे? किल्लीच्या कुलपामागे स्विच असतं, आपल्या मुठीत मावेल एवढं. आमच्या गाडीत त्याला चार मुख्य तारा. एक बॅटरीकडून येणारी, कायम जिवंत. दुसरी गाण्यांसाठी वगैरे, तिसरी इंजिन चालू ठेवणारी, आणि चौथी, किल्ली पूर्ण फिरवली तरच जागी होणारी, स्टार्टरची. स्टार्टरची मोटार शंभराच्या वर अँपिअर खाते, पण ते जाड केबलमधून. तिचं दार उघडण्यापुरता, दहा-वीस अँपिअरचा प्रवाह आमच्या किल्लीच्या स्विचमधून जात होता. आणि आधीच्या मालकांनी छतावरचा पंखा, जादा दिवे, गाण्यांचं मोठं यंत्र, मोबाइलचं चार्जिंग असं सगळं त्याच स्विचच्या तारांना पिळा मारून जोडलेलं. स्विच उघडून दाखवलं तेव्हा आतली तांब्याची टिकली काळी कुळकुळीत. मिक्सरची पिन ढिल्या प्लगमध्ये वापरून वापरून कशी जळते, अगदी तशी.

"वहिनी," चाचा म्हणाले, "किल्ली हुकूम द्यायला असते, ओझं उचलायला नाही. सासूबाईंनी 'पाणी आण' म्हटलं, तर घागर काय त्या उचलतात?" ओट्यावरून सासूबाईंचा आवाज आला, "चाळीस वर्षं मीच उचलली!" त्या प्रसंगानंतर त्या पहिल्यांदाच मोठ्यानं बोलल्या होत्या.

हुकूम ऐकून ओझं उचलणाऱ्या वस्तूचं नाव रिले. काड्यापेटीहून थोडी जाड डबी, चार पाय. दोन पायांना किल्लीकडून अगदी थोडी वीज मिळते, एक दशांश-दोन दशांश अँपिअर. तेवढ्यानं आतलं लोहचुंबक जागं होतं आणि दुसरे दोन पाय एकमेकांना जोडतं. मोठा प्रवाह बॅटरीकडून जाड तारेनं येऊन त्या दोन पायांतून जातो, किल्लीकडे फिरकतच नाही. आपल्या बोअरच्या पंपाला स्टार्टर असतो, हिरवं बटण आपण बोटानं दाबतो आणि भार आतला कॉन्टॅक्टर घेतो, तसलाच हा प्रकार. फक्त जळकं स्विच बदललं असतं तरी गाडी सुरू झाली असती, पण तोच भार पुन्हा त्याच्यावर पडून वर्ष-दोन वर्षांत पुन्हा टक्. म्हणून स्विचही नवं आणि रिलेही.

मी डबे रिक्षात घालून आले आणि दिवसभर शेजारी स्टूल टाकून बसले. चाचांनी आधी माझ्या बांगड्या आणि मंगळसूत्राकडे बोट केलं. "जवळ यायचं तर हे काढून या." बारा व्होल्टांचा शॉक बसत नाही, हे खरं. पण बांगडीनं बॅटरीचं धन टोक आणि गाडीचा पत्रा एकाच वेळी गाठला तर बांगडी क्षणात लाल होते आणि मनगटाला भाजते. गाडीचा सगळा पत्रा म्हणजे बॅटरीचं ऋण टोकच. म्हणूनच सोडताना ऋण तार आधी सोडायची आणि लावताना सर्वांत शेवटी लावायची. उलट केलं आणि धन सोडताना पाना पत्र्याला टेकला, की ठिणग्यांचा भुईनळा. आमची गाडी पेट्रोलची आणि इंजिन पुढच्या सीटखाली, तेव्हा ठिणगी म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

त्या घंटीच्या बटणाची तार काढली तेव्हा मात्र माझे हातपाय गार पडले. घंटीचीच बारीक तार, मध्ये फ्यूज नाही, आणि पत्र्याच्या भोकातून तशीच ओढलेली. पत्र्याच्या धारेवर घासून वरचं प्लास्टिक गेलेलं आणि तांबं चकाकत होतं. ते पत्र्याला टेकलं असतं तर अडवणारं मध्ये काहीच नव्हतं. अख्ख्या बॅटरीचा जोर त्या बारक्या तारेतून गेला असता आणि ती निखाऱ्यासारखी पेटली असती. आठ महिने मी त्याच्यावर बसून, मागे बेचाळीस डबे घेऊन, गावभर फिरत होते.

चाचांनी नवी तार जाड घेतली. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावरच फ्यूज बसवला. फ्यूज पंख्यासाठी किंवा दिव्यासाठी नसतो, तारेसाठी असतो, हे मला त्या दिवशी समजलं. तो तारेपेक्षा अशक्त हवा, म्हणजे तारेआधी तो जाईल, आणि उगमाशी हवा, कारण त्याच्या आधीच्या तारेला वाली नाही. (आमच्या जुन्या घरात फ्यूज सारखा जातो म्हणून भावजींनी त्यात तीन पदरी तार घातली होती आणि आम्ही त्यांना हुशार म्हणत होतो!) पत्र्यातल्या प्रत्येक भोकाला रबरी कडं घातलं. पिळा मारून चिकटपट्टी गुंडाळलेले जुने जोड कापून टाकले आणि नवे जोड पकडीनं दाबून, वर गरम केलं की आवळणारी नळी चढवून केले. पंखा, दिवे, चार्जिंग या साऱ्यांना दुसरा रिले आणि ज्याचा त्याचा वेगळा फ्यूज. इंजिनात पेट्रोल मोजून सोडणाऱ्या यंत्रणेच्या तारांना मात्र त्यांनी हात लावला नाही. "ह्यात कुणालाही जोड मारू देऊ नका," असं बजावलं. हल्लीच्या ज्या गाड्यांच्या किल्लीतच चिप असते, तिथे तर हे काम ते घेतच नाहीत. कंपनीच्या वर्कशॉपला पाठवतात.

दुपारी हे जेवायला आले आणि म्हणाले, "ते बटण राहू द्या की, अडीअडचणीला." चाचांनी पकड खाली ठेवली. "किल्ली काढली की गाडी मेली पाहिजे, साहेब. बटण ठेवायचं तर मी इथेच थांबतो." हे काही बोलले नाहीत, पानावर जाऊन बसले.

पण माझं समाधान झालं नव्हतं. मी विचारलं, "चाचा, आता बटण नाही. पण उद्या मी किल्ली लावून खाली उतरले आणि पोरानं फिरवली तर? गियरमध्ये गाडी उडी घेणारच ना?" चाचा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "घेणार." नव्या बऱ्याच गाड्या क्लच दाबल्याशिवाय सुरूच होत नाहीत, हे मी भाच्याच्या गाडीत पाहिलं होतं. तसं आपल्याला करता येईल का? चाचांनी पिशवीतून ब्रेकच्या दिव्याचं छोटं स्विच काढलं. पाय ब्रेकवर पडला की मागचा लाल दिवा लावतं, तेच. ते त्यांनी क्लचच्या पायाशी बसवलं आणि रिलेची हुकूम ऐकणारी बारीक तार त्यातून नेली. हुकमाची वीज थोडी, म्हणून एवढंसं स्विच पुरतं. आता किल्ली पूर्ण फिरवा आणि क्लच पूर्ण दाबा, दोन्ही एका वेळी झालं तरच स्टार्टर फिरतो. सहा वर्षांच्या पोराचा पाय तिथवर पोचत नाही. आम्ही त्याला आत बसवून पाहिलं. बिचारा घाबरत घाबरत बसला.

मसाल्याच्या बरण्यांना लावते त्या चिठ्ठ्या आणून मी एकेका तारेवर 'पंखा', 'दिवा', 'स्टार्टर' लिहून चिकटवलं, वर पारदर्शक पट्टी. डब्यांच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर कोणती तार कुठून कुठे जाते त्याचं चित्र काढलं, आणि कोणत्या फ्यूजवर कोणता आकडा तेही. चाचा हसले, पण दोन ठिकाणी चूक सुधारून दिली.

मग तपासणी. किल्ली बंद ठेवून क्लच दाबला, काही नाही. क्लच न दाबता किल्ली पूर्ण फिरवली, काही नाही. दोन्ही केलं, बारीकसा टिक् आणि इंजिन लगेच सुरू. किल्ली मागे केली, लगेच बंद. अर्धा तास पंखा, दिवे सगळं लावून गाडी चालू ठेवली आणि चाचांनी माझाच हात एकेका जोडावर ठेवला. कोमट, पण चटका नाही. मीटरवर आता हरवणारे व्होल्ट अर्ध्याच्याही खाली. सगळं मिळून सव्वीसशे रुपये झाले. दीडशेच्या जागी सव्वीसशे म्हटल्यावर यांचा चेहरा जरा उतरला, पण तेवढ्यात सासूबाईंनी कमरेच्या पिशवीतून हजार रुपये काढून माझ्या हातात ठेवले. "माझ्या वाटचे," म्हणाल्या.

मैत्रिणींनो, तुमच्या घरच्या जुन्या गाडीत असलं बटण किंवा उघडा जोड असेल तर एवढं करून पाहा. सपाट जागी गाडी उभी करा, हातब्रेक ओढा, गियर काढा, पुढे-मागे कोणी नाही ना ते बघा, आणि किल्ली खिशात ठेवून बटण दाबा. स्टार्टर फिरला तर गाडी त्या दिवसापासून बाहेर काढू नका, जाणत्या वायरमनला बोलवा. हे काम मी स्वतः केलेलं नाही आणि तुम्ही करावं असंही मी म्हणणार नाही. पण शेजारी बसून 'फ्यूज कुठे बसवला?', 'भोकात रबर घातलं का?', 'किल्ली काढल्यावर हे बंद होतं का?' एवढं आपण नक्की विचारू शकतो. पहिल्या गॅरेजात मी हे विचारलं नाही, कारण मला वाटलं, आपल्याला त्यातलं काय कळतंय!

काढलेलं बटण टाकून द्यायला निघाले, तर सासूबाई म्हणाल्या, "ठेव, कामाला येईल." यांनी ते घासून पुसून दोन सेलवर वाजणाऱ्या घंटीला जोडलं आणि त्यांच्या खाटेशी बसवलं, रात्री-अपरात्री हाक मारायला लागू नये म्हणून. रात्री-अपरात्री ते अजून एकदाही वाजलेलं नाही. पहाटे पाचला मात्र रोज वाजतं, चहासाठी.